परातीतला उजेड

ज्याच्या घरात कॅमेरा आहे त्याच्या घरात त्याच्या बायकोचा एकही फोटो नाही, हे कुणाला खरं वाटेल? आक्कालाही वाटलं नाही. नेसरीहून गडहिंग्लज आणि तिथनं कोल्हापूर, असा एसटीत अंगाचा खुळखुळा करून घेत ती म्हातारी मंगळवार पेठेत जावयाच्या दारात येऊन उभी राहिली. कडेवरची नात तिनं घोंगड्यावर बसवली, तांब्याभर पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि पहिलं वाक्य बोलली ते हेच.

"पावणं, शालीचा फोटू द्या. पोरगी मोठी झाल्यावर तिला आय दाखवाय नगं?"

जावई कृष्णात भिंतीला टेकून बसला होता. तो तसाच बसून राहिला.

"न्हाय, आक्का."

"न्हाय म्हंजे?"

"फोटोच न्हाय."

आक्कानं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात तीन पायांवर कॅमेरा उभा होता, त्यावर काळं फडकं टाकलेलं. समोर लाकडी खुर्ची. खुर्चीच्या एका अंगाला बांबू, बांबूला बल्ब आणि बल्बाच्या मागं सुतळीनं आवळलेली कल्हईची परात. परात तिनं बघताक्षणी ओळखली, कारण लेकीच्या लग्नात ती तिनंच दिली होती.

तिला वाटलं, जावई फोटो द्यायला नाखूश आहे. बायको गेल्यावर पुरुषमाणसं अशी एखाद्या वस्तूला कवटाळून बसतात, तिनं पाहिलं होतं. म्हणून ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "एकच आसंल तर ठेवा तुमच्यापाशी. त्याची नकल काढून द्या म्हंजे झालं."

"एकबी न्हाय, आक्का."

"भाऊबीजंला आल्ती तवा सांगत हुती की. सांज झाली की मला खुर्चीत बसिवत्यात, हलू देत न्हाईत. बसिवत हुता न्हवं?"

"व्हय."

"मग?"

आता या 'मग'चं उत्तर लांबलचक होतं आणि कृष्णातच्या तोंडून ते निघणं कठीण. त्यामुळं ते आपणच ऐकून घेतलेलं बरं.

कृष्णात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होता. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब, व्यसन कसलं नाही. नव्हतं म्हणजे फोटोचं लागेपर्यंत नव्हतं. भवानी मंडपाच्या बाजूला दत्तोपंतांचा स्टुडिओ होता. अडतीच्या मालकाबरोबर एकदा तिथं गेला आणि माणूस जो खुळावला तो खुळावलाच. दत्तोपंतांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्यांचा जुना यानं पदरमोड करून घरी आणला. डोक्यात बेत पक्का होता. हंगामात खेड्यापाड्यातनं माणसं गूळ घेऊन येतात, त्यांना मोठ्या स्टुडिओची पायरी चढायला लाज वाटते. धोतर मळकं, पायाला चिखल. अशांना घरी बोलवायचं, खुर्चीत बसवायचं, परवडेल असा फोटो काढून द्यायचा. बेत वाईट नव्हता हो. अडलं कुठं, तर उजेडाशी.

दत्तोपंतांच्या स्टुडिओचं छप्पर काचेचं, वर मुंबईहून आणलेले मोठाले दिवे. तसल्या दिव्यांचं नाव काढायचीसुद्धा दिवाणजीची ऐपत नव्हती. दत्तोपंत माणूस चांगला. ते म्हणाले, "कृष्णा, फोटोची काचेची प्लेट महाग असते, उजेड स्वस्तात मिळतो. आधी उजेड शीक. माणूस बसव, भिंगावरचं टोपण काढ, आकडे मोज, टोपण लाव. सगळं करायचं, पण रिकाम्या कॅमेऱ्यानं. मागच्या दुधी काचेवर जे तोंड दिसतं ना, ते बघून ज्या दिवशी तुझा जीव निवेल त्या दिवशी प्लेट भर. मीही असाच शिकलो."

झालं. गुरूचा शब्द कृष्णातनं कानात साठवला. आणि बसवायला माणूस दुसरं कोण होतं घरात? शालू.

आधी दारातला उजेड झाला. दारावर आपलं पांढरं धोतर आडवं टांगलं की आत सुरेख मऊ उजेड यायचा. पण दिवसभर हा अडतीवर, मिळायचा तो एक रविवार. आणि दारात धोतर टांगलं की आळीतल्या बाया विचारायच्या, कोण आजारी आहे का? मग मांडववाल्याकडनं गॅसबत्ती आणली. ती फुसफुसायची, शालूच्या डोळ्यांतनं पाणी यायचं, पाळण्यातली लेक चिमी रडून घर डोक्यावर घ्यायची आणि काचेवर शालूचं तोंड चुना फासल्यासारखं पांढरं दिसायचं. गॅसबत्ती परत गेली. मग बल्ब. बल्ब डोक्यावर टांगला तर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. बाजूला बांबूला बांधला तर निम्मा उजेड भिंतीवर वाया. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागं लावला तर गालावर वाघासारखे पट्टे. शालू म्हणायची, "मला बायकोमाणूस राहू द्या की, कशाला वाघ करताय."

एका संध्याकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती आणि परातीच्या काठावरनं दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला. कृष्णात बघतच राहिला. "परात दे," म्हणाला.

"आनि भाकरी काय हातावर मळू?"

त्यानं ऐकलं नाही. परात बल्बाच्या मागं धरली, आणि खोलीत उजेड असा रुंद, थंड पसरला की त्याच्या जिवाला बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं परातीला नव्यानं कल्हई करून आणली. आळीतल्या बायांनी आपापल्या नवऱ्यांना त्याचा दाखला दिला. बघा, शालूचा नवरा न सांगता कल्हई करून आणतो. आता खरं कारण त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या गालावर सावली पडायची, तिथं दोरीवर पांढरं धोतर लावलं, की परातीचा उजेड त्यावर आपटून सावलीत उतरायचा. एक बल्ब, एक परात, एक धोतर. संपला स्टुडिओ. दत्तोपंत येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मुंबईवाल्यांना दाखवू नकोस, धंदा बसेल त्यांचा."

शालूचा नेमच झाला. भाकरीच्या वेळी परात सोडायची, धुवायची, पीठ मळायचं, परत घासून पुसून बांबूला बांधायची. मग खुर्चीत बसायचं. "हनुवटी खाली. डावीकडं. आता हलू नको." टोपण निघायचं. एक, दोन, तीन. टोपण लागायचं.

"आला?"

"रिकामाय."

"मग दम धरून कशाला बसायचं?" असं म्हणायची खरी, पण दुसऱ्या दिवशी परत बसायची आणि परत दम धरायची. एकदा तिला स्वतःला काळ्या फडक्यात डोकं घालून बघायची हौस आली. "अवो, तुमी उलटं दिसताय," म्हणून केवढी हसली होती.

दिवाळीच्या पाडव्याला कृष्णातचा जीव निवला. त्यानं अंधारात बसून पहिली प्लेट भरली. प्लेट ठेवायच्या चपट्या लाकडी खोक्याला दत्तोपंत स्लाइड म्हणत. घरात दोन स्लाइडी होत्या, एक सरावाची रिकामी आणि एक ही भरलेली. भरलेलीला त्यानं दत्तोपंतांच्या रीतीप्रमाणं पांढरा दोरा गुंडाळला. फोटो काढतानाच दोरा तोडायचा, म्हणजे चूक होत नाही. आणि त्या संध्याकाळी सगळ्या गावानं एकदम रोषणाई केली. विजेचा जोर उतरला आणि बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. "उद्या काढू," कृष्णात म्हणाला. उद्या ती भाऊबीजेला नेसरीला गेली. आली तेव्हा गुळाचा हंगाम सुरू झालेला, हा थकून यायचा. सराव मात्र चालूच, कारण सरावाला काही लागत नव्हतं. खरा फोटो हंगाम संपल्यावर निवांतपणे काढायचा होता. पौषात शालूला ताप आला. थोरल्या दवाखान्यात नेली. विषमज्वर होता. परत आणली ती खांद्यावरनं पुढं न्यायलाच.

आक्का बारावं झाल्यावर चिमीला घेऊन गेली. कृष्णात अडतीवर जाऊ लागला. आकड्यात एक चूक नाही, बेरीज बिनचूक. लोक म्हणाले, धीराचा गडी आहे. धीर कसला आलाय. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता. रडू आलं नाही. भूक लागली तर खाल्लं, नाही लागली तर नाही. परात सोडली नाही, कारण भाकरी करणारं कुणी नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. त्याला शालूच्या नाकाची सावली आठवत होती. चमकीवरचा उजेडाचा ठिपका आठवत होता. गालावर उजेड कुठं संपायचा ते तो बोटानं दाखवू शकला असता. तिचं तोंड आठवत नव्हतं.

हे सगळं आक्काला कसं सांगायचं? त्यानं चार शब्दांत सांगितलं. "कॅमेरा रिकामा असायचा, आक्का. मी उजेड शिकत हुतो."

चिमी रांगत जाऊन कॅमेऱ्याचा पाय धरून उभी राहू बघत होती.

"म्हंजे पोरीला आयचं त्वांड तुमच्यापायी कवा दिसायचं न्हाय," आक्का म्हणाली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. सरळ सांगितलं.

"व्हय," कृष्णात म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळलं.

दिवस कलायला लागला तशी आक्का उठली. दुःख झालं म्हणून चूल थांबत नाही आणि पोराला भूक कळते. "ती परात सोडा," ती म्हणाली, "भाकरी टाकते."

कृष्णातनं सुतळी सोडली. परात हातात आली तशी मागची फळी मोकळी दिसली. फळीवर धूळ खात दोन्ही स्लाइडी पडल्या होत्या. त्यानं भरलेली उचलली. पांढरा दोरा तुटलेला होता. तुटलेली दोन टोकं कुणीतरी पुन्हा गाठ मारून ठेवली होती.

दोरा त्यानं तोडला नव्हता. पण सरावाची स्लाइड आणि भरलेली, दोन्ही एकाच फळीवर, एकाच मापाच्या. हंगामाच्या दिवसांत अडतीवरनं पेंगत यायचा आणि शालू फळीवरनं स्लाइड काढून हातात द्यायची. कुठल्यातरी संध्याकाळी चुकून भरलेली आली असेल, दोरा तिच्याच हातनं तुटला असेल आणि तिनंच मग गाठ मारली असेल. मग ते टोपण, ते एक, दोन, तीन रिकामं नव्हतं. मग शालू त्या काचेवर आहे. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी हाललं, आणि ते इतकं दुखलं की तो खुर्चीत बसला.

"आक्का," तो म्हणाला, "एक आसंल. आसंल बहुतेक."

आक्का डब्यातनं पीठ काढत होती, तिनं पिठाचा हात तसाच कपाळाला लावला. "अंबाबाईला वटी भरते," म्हणाली.

सकाळी अडतीवर न जाता तो स्लाइड छातीशी धरून दत्तोपंतांकडं गेला. दत्तोपंतांनी स्लाइड हातात घेतली. अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावला, प्लेट काढून औषधाच्या ताटलीत सोडली आणि ताटली हळूहळू हलवायला लागले. कृष्णात वाकून बघत होता. प्लेटवर सगळं उलट येतं, उजेड काळा आणि काळं पांढरं, हे त्याला माहीत होतं. आधी एका बाजूला गडद डाग उमटला. परातीचा उजेड.

"आलं काहीतरी," दत्तोपंत म्हणाले. "उजेड झकास पडलाय रे."

मग डोक्याचा आकार आला. मग ओठांच्या वर एक पांढरी पट्टी आली, आखूड आणि जाड.

मिशी होती ती. दत्तोपंतांच्या आधी कृष्णातला कळलं. काच कोरी निघाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

दत्तोपंतांनी प्लेट पाण्याखाली धरली, उजेडात आणली, कागदावर छाप काढून दिला. फोटोत खुर्चीत कृष्णात होता, मांडीवर चिमी. आता त्याला ती संध्याकाळ आठवली. हंगामातलीच. शालूनं काळ्या फडक्यात डोकं घालायचा हट्ट धरला होता तीच. "हिला घ्या मांडीवर आनि बसा," म्हणाली. हा बसला. तेवढ्यात परातीची सुतळी ढिली पडलेली त्याला दिसली. "अवो, जरा हिकडं बघा की," ती फडक्यातनं म्हणाली. "थांब, परात हललीया," हा म्हणाला. टोपण निघाल्याचा आवाज आला, लागल्याचा आला. "त्यो खेळ न्हाय," असं त्यानं तिला खडसावलंही होतं. ती म्हणाली होती, "रिकामाच हाय न्हवं?" आणि हसली होती. म्हणजे तिनं फळीवरनं चुकून उचलली नव्हती. चांगली जाणून उचलली होती, दोरा तोडला होता, आणि नवऱ्याचं बोलणं खायला नको म्हणून गाठ मारून ठेवली होती. पुढं कधीतरी काच धुतल्यावर त्याची गंमत बघायची असणार तिला.

"कुणी काढला रे हा?" दत्तोपंतांनी विचारलं.

"तिनं."

दत्तोपंतांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले.

कृष्णात घरी आला तेव्हा आक्का उंबऱ्यात चिमीला घेऊन बसली होती. तिनं आधीच हात पुढं केला. त्यानं कागद दिला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"ह्यो तर तुमचा."

"व्हय."

"शाली कुठाय?"

"कॅमेऱ्याच्या मागं. तिनंच काढलाय."

आक्काचा अंगठा फोटोवरनं फिरत होता. चिमीचा एक हात हलल्यामुळं पुसट झाला होता. पण तोंड स्वच्छ आलं होतं, कारण ते हललंच नव्हतं. तोंड उघडं टाकून, डोळे मोठे करून ती समोर बघत होती.

"ही कुणाकडं बघतीया?" आक्कानं विचारलं.

"तिच्याकडं."

"आनि तुमी?"

फोटोत कृष्णातची मान वर आणि बाजूला वळलेली होती. तीनपर्यंत मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बायको त्याच्यासमोर उभी होती, हाक मारत होती, आणि त्याचे डोळे दुसरीकडं होते. कागदावर ते कायमचं झालं होतं.

"परातीकडं," तो म्हणाला.

आक्कानं फोटो पदरात घेतला. "ह्यो मी नेते," ती म्हणाली. "मोठी झाली की दावीन. सांगीन, तू बघतीयास न्हवं, ती तुजी आय. दिसत नसली तर नसू दे. हिनं बघितलीया तिला, एवढं तरी कळंल." मग म्हणाली, "तुमास्नी एक नकल हवी आसंल तर काढून घ्या."

आक्का आत गेली. परात धुवायचा आवाज आला, मग पिठाचा डबा उघडल्याचा.

उंबऱ्यात बापलेक राहिली. चिमीला अजून बोलता येत नव्हतं. ती त्याच्याकडं तोंड उघडं टाकून बघत होती, फोटोत बघत होती तशीच. कृष्णात तिच्यासमोर खाली बसला, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आला.

"कशी दिसत हुती गं?" त्यानं विचारलं.

पोरगीनं त्याची मिशी धरली आणि ओढली. जोरात ओढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मग थांबेना. आतनं आक्का म्हणाली, पावणं, जेवाय चला, पण तो उठला नाही.